कपाळावरचं बोट

माझ्या मुलीला ऐकू येतं, हे मी पाच वर्षं छातीठोकपणे सांगत होते. कुणी नुसती शंका काढली तरी माझं तोंड सुटायचं. आमचं घर नारळी-पोफळीच्या वाडीत अगदी मधोमध. दिवसातून एकदा-दोनदा तरी कुठेतरी नारळ पडायचा. धप्प. आणि ओटीवर खेळत बसलेली माझी पोर मान वळवून बरोब्बर त्या बाजूला बघायची. "बघा, वळली की नाही?" मी आलेल्या बाईला म्हणायची. "बहिऱ्या पोरी अशा वळतात वाटतं?" ती बाई गप्प व्हायची. अशा कितीजणींना मी गप्प केलं असेल! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आमच्या किनाऱ्याला तेव्हा पोराचं ऐकणं असंच पारखायचे. दिवेआगरला जा नाहीतर आणखी खाली जा, वाडीवाडीतून हेच. नारळ पडला की पोर वळतं ना? मग झालं. सासूबाईंनी त्यांची पाच मुलं अशीच पारखली होती. त्यातली दोन जगली, ती दोन्ही चांगली ऐकती-बोलती निघाली. मग माझ्या पोरीबद्दल शंका घ्यायला जागा कुठे होती?

ती झाली स्वातंत्र्य मिळाल्यावर दुसऱ्या वर्षी. पहिलीच. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. पोर वेळेवर पालथी पडली, वेळेवर रांगली, चालायला तर वर्षाच्या आतच लागली. पांगुळगाडा आणला होता तो तसाच माळ्यावर गेला. बोलली मात्र नाही. दोनाची तीन झाली, तिनाची चार झाली. हसायची, रडायची, ओरडायची, पण शब्द म्हणून नाही. ऐकू तर येतं, म्हणजे दोष जिभेत. हे आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं.

मग जिभेमागे लागलो. सासूबाई रोज सकाळी सहाणेवर वेखंड उगाळायच्या, त्यात मध घालायच्या आणि माझ्या मांडीवर पोरीला दाबून धरून तिच्या जिभेवर चोळायच्या. वेखंड किती झोंबतं ते मी एकदा चाखून बघितलं, तर डोळ्यांतून पाणी आलं. पोर त्यांच्या बोटाला कडकडून चावायची. पालीच्या गणपतीला नवस झाला. मग कुणीतरी सांगितलं, पोपटाचा उष्टा पेरू द्या, जीभ सुटेल. आमच्या परसात पेरूचं झाड होतं. इतर बायका काठ्या घेऊन पोपट हाकलायच्या आणि मी बाई झाडाखाली श्वास रोखून बसायची, का, तर पोपट यावा आणि त्याने चोच मारावी. पोरीने त्या सालात टोपलीभर उष्टे पेरू खाल्ले. पोट तेवढं बिघडलं.

एक मात्र सांगते. आम्हा दोघींचं बोलण्यावाचून काही अडत नव्हतं. तिच्या हातात सगळं होतं. अंगठा तोंडाला लावला की पाणी. डोक्यावर दोन बोटं उभी केली की गाय. डोक्यावर टोपी बसवल्यासारखं केलं की वडील. डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं की आजी. तर्जनीचा आकडा करून वर उचलला की विंचू, कारण वाडीत झावळ्यांच्या ढिगाखाली विंचू फार आणि ती त्यांना जाम घाबरायची. यातलं तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, तिचं तिने केलेलं. आणि मी तेव्हा ठसठशीत मोठं कुंकू लावायची, म्हणून दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं की मी. सकाळी उठल्या उठल्या ती अंथरुणात बसून कपाळावर बोट ठेवायची आणि इकडेतिकडे बघायची. मी चुलीपाशी असले तर सासूबाई म्हणायच्या, "जा गं, तुझी लेक कपाळ शोधते आहे." मी हसायची आणि जायची. ती मला हाक मारत होती, हे मला तेव्हा कळलंच नाही. मला 'आई' हवं होतं, तोंडातून निघालेलं, शेजारणीला ऐकू जाईल असं.

आमच्याकडे नारळ काढायला एक वयस्क गडी यायचा. माकडासारखा चढायचा म्हातारा, आणि वर गेला की खाली कोण आहे ते बघून आरोळी द्यायचा, मगच कोयता चालवायचा. पोर पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. तो वर होता आणि पोर माडाच्या अगदी बुंध्याशी बसून करवंटीत माती भरत होती. त्याने आरोळी दिली. मी आत दळत होते, मला ऐकू आली. पुन्हा दिली, पुन्हा दिली. मग धप्प आवाज झाला आणि मी धावत बाहेर आले. नारळ तिच्यापासून हातभर लांब पडला होता. ती मान वळवून त्याच्याकडे बघत होती, नेहमीसारखी.

म्हातारा सरसर खाली उतरला. "वयनी," तो म्हणाला, "पोरीला ऐकाया येत न्हाय. तीन बारी वराडलो मी. सगल्या वाडीला ऐकू गेलं, ती बसलीच. त्यो शेवटचा नारल मी सोडला न्हाय, आपसूक सुटला."

"वळली की आता!" मी म्हणाले.

"नारल पडल्यावर वळली वयनी. आरोळीला न्हाय वळली."

मला काय झालं कोण जाणे. माझ्या पोरीला याने बहिरी म्हणावं! "तुझ्या हातून आत्ता माझी पोर मेली असती आणि वर तिलाच नावं ठेवतोस?" असं म्हणून मी त्याला भरपूर बोलले. पुन्हा वाडीत पाऊल टाकू नकोस म्हणाले. त्याने कोयता कमरेला लावला आणि तो निघून गेला. पोर त्याच्यामागे कुंपणापर्यंत धावली.

पण एकदा डोक्यात शिरलं ते शिरलंच. घरात काम करता करता मी तिच्या पाठीमागे जाऊन घागर आपटून बघितली. वळली. मुसळ आपटलं, वळली. मग टाळी वाजवली. नाही वळली. नावाने हाक मारली, नाही. पुन्हा मुसळ आपटलं, वळली. मला काही समजेना. भीतीने माझ्या तोंडची चव गेली होती, पण सांगणार कुणाला? सासूबाईंना म्हटलं असतं तर त्या पुन्हा वेखंडच उगाळायला बसल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पितळी ताट आणि उलथनं पदराखाली घेऊन मी तिला समुद्रावर नेली. ओहोटी होती, मऊ वाळूत ती शिंपले वेचायला बसली. मी तिच्या पाठीशी दोन पावलांवर उभी राहिले आणि ताट वाजवायला लागले. आधी हळू, मग जोरात, मग अक्षरशः वेड्यासारखं बडवलं. लांब जाळी सुकवणारी माणसं उठून बघायला लागली. माझ्या पोरीची पाठ हललीसुद्धा नाही. ती शिंपल्यातली वाळू बोटाने काढत होती. मग मी तिच्या शेजारी धपकन बसले, तेव्हा तिने चटकन माझ्याकडे बघितलं, हसली आणि कपाळावर बोट टेकवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती कानांनी नाही, बुडाने आणि तळव्यांनी ऐकत होती. नारळ पडला की जमीन हलते. मुसळ आपटलं की जमीन हलते. पाच वर्षं आम्ही तिच्या जिभेवर वेखंड चोळत होतो आणि तिच्या कानात कुणी बोट घालूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी त्या वाळूत बसून भोकाड पसरलं. ती माझे डोळे पुसत होती आणि तिचे वाळूचे हात माझ्या डोळ्यांत जात होते.

यांना सांगितलं तेव्हा यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला. पडावातून बोटीवर, बोटीने मुंबईला. कानाच्या डॉक्टरांनी एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर आपटून पोरीच्या कानाशी धरलं, मग कानामागच्या हाडाला टेकवलं. घंटा वाजवली. असं बराच वेळ चाललं. मग ते यांना म्हणाले, "शीर जन्मतःच गेलेली आहे. औषध नाही." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि बरं झालं. मला कुणी बघायला नकोच होतं.

त्यांनीच एका बाईंकडे पाठवलं. त्या बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवत. वाईट नव्हत्या हो, उलट फार मायाळू होत्या. पांढरं लुगडं, हातात घड्याळ, समोर मोठा आरसा. त्यांनी पोरीचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि "आ" म्हणाल्या. पोरीचे डोळे असे मोठे झाले! मग तिच्याच गळ्यावर तिचा तळवा. मग ओठांपुढे कागदाची पट्टी धरून "प, प, प". पट्टी हलली. पोर खूश झाली, तिला वाटलं खेळ आहे. आणि माझ्या मनात मेली आशा पुन्हा उभी राहिली.

"इथे ठेवता येईल का हिला?" यांनी विचारलं. जागा नव्हती. पुढच्या वर्षीही होईल असं बाईंना वाटत नव्हतं. "तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला जमेल," त्या म्हणाल्या. "रोज आरशासमोर बसवा. तोंड तिच्याकडे करून बोला. पण एक कायम लक्षात ठेवा. हातांच्या खुणा बंद. तिने खूण केली तर तुम्हाला कळलीच नाही असं दाखवायचं. हातांनी काम भागलं तर ती तोंड कशाला उघडेल? ऐकली नाही तर हात मांडीखाली घेऊन बसायला लावा." यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. मला ती आज्ञा पटली का? पटली. खोटं कशाला सांगू, मला पूर्ण पटली. पाच वर्षं वाया घालवलेल्या आईला जो जे सांगेल ते पटतं.

परत आलो आणि घराची शाळा झाली. ओटीवर आरसा टांगला. सकाळी हे शाळेत जायच्या आधी अर्धा तास, संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी अर्धा तास, दिवसभर मी. 'प'ला ज्योत जास्त चांगली हलते असं वाटून मी एकदा निरांजन घेऊन बसले, तर सासूबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "दिव्यावर कधी कुणी तोंडाचा वारा घालतं का? घरदार बुडवायचं आहे का तुला?" मग यांनी शाळेच्या वहीतून पट्ट्या कापून दिल्या. पोर पट्टी हलवायची, पण पट्टी हलली की तिला वाटायचं काम झालं. त्या हलण्यातून पाणी मिळतं, गाय कळते, आई येते, हे तिला कुणी आणि कसं सांगावं? सांगायला आमच्याकडे होते फक्त हात, आणि तेच आम्ही बंद केलेले.

पहिल्या उन्हाळ्यात पाण्याचं झालं. ती अंगठा तोंडाला लावून माझ्यापुढे उभी राहिली. मी भांडं भरून हातात धरलं आणि म्हणाले, "पा-णी." तिने पुन्हा अंगठा. मी मान हलवली, "पा-णी." तिने माझ्या भांड्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. चांगला तास गेला असेल. तिचे ओठ वाळले होते. माझ्या जिवाची काय तगमग झाली ते माझं मला माहीत, पण हे ओटीवर बसून बघत होते आणि मान हलवून मला धीर देत होते. शेवटी ती पाय आपटत निघून गेली. मी खिडकीतून बघितलं, तर वाडीतल्या पाटाशी पोटावर पालथी पडून, पोफळींना सोडलेलं पाणी ती वासरासारखी तोंड लावून पीत होती. त्या दिवसापासून तिने माझ्याकडे पाणी मागितलं नाही. तिचं ती घ्यायला लागली. हे म्हणाले, "स्वावलंबी होते आहे." काय बोलणार, डोंबल?

म्हाताऱ्या गड्याला मी माणूस पाठवून परत बोलावलं होतं. मी त्याची माफी मागितली, तर तो लाजला. "ऱ्हाऊंद्या वयनी," म्हणाला. पोर त्याच्याकडे पळायची. तो माडाखाली बसून कोयत्याला धार लावायचा आणि ती त्याच्यासमोर उकिडवी बसून हात हलवत राहायची. तोही तंबाखू मळता मळता हातानेच उत्तरं द्यायचा. यांनी त्याला बाईंचा नियम समजावून सांगितला. तो हो म्हणाला, आणि पुन्हा हात हलवत बसला. मी बघून न बघितल्यासारखं करायची, पण पोर आत आली की तिचे हात घट्ट धरायची.

सात वर्षांची असताना ती बोलली. एके सकाळी आरशासमोर, तळवा माझ्या गळ्यावर, दुसरा तिच्या स्वतःच्या. मी म्हणाले, "आ-ई." तीही म्हणाली, "आ... ई." आवाज सपाट, जाडा, कुठून तरी खोल विहिरीतून आल्यासारखा. पण आई! मी तिला उचलून वाडीभर नाचले. यांनी गावात साखर वाटली. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारणींना बोलावून बोलावून मी तिला म्हणायला लावलं. ती म्हणायची, आणि मग माझ्या तोंडाकडे बघायची, बरोबर झालं का म्हणून. हे म्हणाले, "आता दार उघडलं. आता हात अजिबात नको. ती कपाळाची खूण तर मुळीच नको, त्याला शब्द आला." म्हणून ती सकाळी कपाळावर बोट ठेवायची तेव्हा मी तोंड फिरवायला लागले. महिन्याभरात तिने ते सोडलं. सोडलं त्या दिवशी आम्हाला दोघांना आनंद झाला होता.

पुढे दुसरा एकही शब्द आला नाही. एका शब्दावर गाडी अडली. हे बाईंना पत्रं लिहायचे, त्यांची उत्तरं यायची. धीर धरा, सराव सोडू नका.

आणि मग ती दुपार. ती आठ वर्षांची होती. हे शाळेत, सासूबाई आत पडलेल्या. मी ओटीवर सुपाऱ्या निवडत होते. ती वाडीतून धावत आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई." मी न सांगता! आरसा नाही, गळ्यावर तळवा नाही, आपण होऊन. मी सुपारी टाकली. "हं, आई! शाब्बास! पुढे? काय हवं माझ्या सोनीला? बोल, तोंडाने बोल."

"आई," ती म्हणाली. "आई. आई." तिचे हात वर यायला लागले. मी ते दोन्ही पकडले, तिला खाली बसवली आणि हात तिच्या मांडीखाली सारले. "हात नाही. तोंडाने. आई, पुढे?"

"आई आई आई आई."

मला काय वाटत होतं सांगू? मी खूश होते. इतकं स्पष्ट तिने कधीच म्हटलं नव्हतं. यांना कधी सांगते असं मला झालं होतं. तिच्या कपाळावर घाम होता, मला वाटलं उन्हातून धावत आली म्हणून. तोंडातून लाळ गळत होती, मी पदराने पुसली. ती मांडीखालून हात काढू बघायची, मी पुन्हा दाबून धरायची. किती वेळ, कोण जाणे. एवढं आठवतं की म्हातारा गडी नारळाची टोपली घेऊन ओटीपाशी आला, त्याने तिच्याकडे बघितलं आणि टोपली तशीच टाकून दिली.

"वयनी, हात सोडा तिचा! बोट बघा!"

माझ्या मुठीत तिचं मनगट होतं आणि मुठीबाहेर तिची तर्जनी आकड्यासारखी वाकलेली होती. विंचू. मी तिचा पाय बघितला, घोट्याखाली लाल झालेलं. हात हातात घेतले तर बर्फासारखे गार. ती अजून म्हणतच होती, "आई, आई."

त्याने तिला खांद्यावर टाकली. मी अनवाणी मागे धावले. बैलगाडीतून डॉक्टरकडे नेईपर्यंत ती सारखी ओकत होती. दोन दिवस तिचं काळीज छातीत नुसतं फडफडत होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. जगली. मी वेड्यासारखी तिच्या उशाशी बसून कपाळावर बोट ठेवत होते. ही बघ मी, ही बघ मी. तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पांघरुणात घेतले.

यांनी घरी येऊन आरसा उतरवला. वही चुलीत घातली. "मी मास्तर झालो, बाप नाही झालो," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघं तिच्यासमोर हात हलवायला शिकलो, सासूबाईसुद्धा. पाणी, गाय, टोपी, पदर, सगळं आम्ही करून दाखवायचो. ती बघायची, तिला कळायचं, सांगितलेलं काम करायची. पण तिचे हात आमच्यापुढे कधी उठले नाहीत. काही हवं असलं तर ती माझ्यापाशी येऊन "आई" म्हणायची आणि मग जे हवं त्याच्याकडे बघायची. मी देवाला किती आळवलं, तिच्यासमोर बसून किती रडले, एकदा तर रागाने तिचे हात धरून हलवले. ते हात माझ्या हातात नुसते पडून राहिले. काय करणार होते मी? मारून का कुणी बोलतं करतं?

ती सोळा वर्षांची झाली तेव्हाची एक सकाळ सांगते आणि थांबते. म्हातारा आता माडावर चढत नव्हता, पण सवयीने येऊन बसायचा. ती अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती आणि मधूनच सूप ठेवून त्याला काहीतरी सांगत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मी दिसत नव्हते. तिचे हात काय भरभर चालत होते, बाई! कितीतरी खुणा मला माहीतही नव्हत्या. एवढ्या वर्षांत केवढं बोलणं साठवलं होतं तिने. आणि त्यात मध्येच तिने दोन भुवयांच्या मध्ये बोट टेकवलं.

बोट टेकवून तिने पुढे दोन्ही हातांनी काहीतरी केलं, मग गुडघ्याला हात लावला, मग मान हलवली. मला एक अक्षर कळलं नाही. म्हातारा जायला निघाला तेव्हा मी त्याला कुंपणाशी गाठलं. "माझ्याबद्दल काय सांगत होती रे ती?"

"काय न्हाय वयनी," तो म्हणाला. "तुमचं गुडघं दुखतात ना, तर आय कोनाला सांगत न्हाय म्हणते. उद्यापासून इहिरीवरचं पाणी मीच भरणार म्हणते."

मी अंगणात परत आले. ती पाखडत होती. मी तिच्यासमोर गुडघे मोडून बसले आणि कपाळावर बोट ठेवलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग सूप खाली ठेवलं, दोन्ही हात मांडीखाली घेतले, आणि मी शिकवलं होतं तसं, तोंड नीट उघडून म्हणाली, "आई."